शेजाऱ्यांची सरासरी

१६ नोव्हेंबर १९९७, रविवार

आले बाई एकदाची नाशकात! अकोल्याहून निघताना बाबांनी दशम्या, जवसाची चटणी आणि लोणच्याची बरणी एवढं बांधून दिलं, जसं काही नाशकात लोक उपाशीच राहतात. मॉनिटर आईच्या जुन्या गोधडीत गुंडाळला होता. गाडीत खिडकीची जागा त्याला दिली आणि मी कडेला बसले. समोरच्या काकूंनी विचारलं, यात देव आहे का? मी हो म्हटलं. एकोणतिसाव्या वर्षी पीएच.डी. करणाऱ्या बाईचा देव तोच.

खोली झकास मिळाली आहे. शहर संपून मळे सुरू होतात तिथे मालनबाईंचा फुलांचा मळा. पुढे त्यांचं घर, मागे फुलं निवडायची पत्र्याची शेड, आणि शेडला लागून माझी खोली. खिडकीतून झेंडू दिसतो, पलीकडे शेवंती. मालनबाईंचा मुलगा राजू सकाळी मोपेडवर पाट्या बांधून बाजारात जातो. त्याची बायको छाया, आणि तिची दोन महिन्यांची मुलगी, जिला सगळे बारकी म्हणतात. शिवाय एक कुत्रा. मला पाहताच तो असा काही भुंकला की मी गोधडीसकट मॉनिटर टाकणारच होते.

मालनबाई मोठ्या बोलक्या. नाव विचारलं, मी स्नेहल म्हटलं, तरी त्या मला मॅडमच म्हणणार. एकटीच राहणार का, भ्या नाय वाटत का, असं त्यांनी तीनदा विचारलं. मी सांगितलं, मला एकटं राहायला आवडतं. खरंच आवडतं. माणसं म्हणजे कामात व्यत्यय.

बाबा सोडून. मालनबाईंच्या पडवीत फोन आहे, तो नंबर बाबांना कळवला. आई गेल्यापासून आमचा नेम आहे, मी जिथे असेन तिथे रविवारी सकाळी दहाला बाबांचा फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला: जेवलीस का? सकाळी दहाला! वसतिगृहात सगळ्या मुली यावरून माझी टर उडवायच्या. पण रविवारी दहाला मी कधीही फोनपासून लांब गेलेली नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

कॉलेजात तीन वर्ग दिले आहेत, तासिका तत्त्वावर. जानेवारीअखेर प्रबंध दिला तर जूनपासून कायम करतील म्हणतात. स्टाफरूममध्ये ग्रंथालयाच्या लताबाईंनी जवळ बसवून घेतलं आणि माझ्या कामाबद्दल विचारलं. माझं काम लोकांना सांगायचं म्हणजे अवघड जागेचं दुखणं.

मी शनीच्या एका चंद्राचा उजेड मोजते. एन्सेलाडस त्याचं नाव. बर्फाचा गोळा आहे. त्याच्यावर पडलेलं जवळजवळ सगळं ऊन तो परत फेकतो, इतका पांढरा. सोळा वर्षांपूर्वी व्हॉयेजर यान त्याच्याजवळून गेलं. तेव्हा काढलेली मोजकी छायाचित्रं पुण्याच्या संस्थेच्या ग्रंथालयातून सीडीवर आणली आहेत. प्रत्येक छायाचित्र म्हणजे खरं तर आकड्यांचा तक्ता. इथे इतका उजेड, त्याच्या शेजारी इतका. त्यावरून तो पृष्ठभाग किती उजळ आहे आणि ऊन तिरपं झालं की किती मंदावतो, ते काढायचं.

त्याआधी साफसफाई. यानाच्या कॅमेऱ्याच्या काचेवर मुद्दाम काळे ठिपके कोरलेले असतात, चित्र कुठे ताणलं गेलं ते समजावं म्हणून. ते प्रत्येक चित्रात उमटतात. त्यांच्या जागा ठाऊक असतात. माझा प्रोग्रॅम एकेक ठिपका काढतो आणि ती जागा शेजारच्या उजेडाच्या सरासरीने भरतो. भरल्यावर तिथे काही होतं हे कुणाच्या बापाला ओळखू येत नाही. सांधा नाही की वळ नाही. हा प्रोग्रॅम मी स्वतः लिहिलाय आणि मला त्याचा गर्व आहे. पुण्याच्या सरांनीसुद्धा भिंग लावून पाहिलं आणि हात टेकले.

२३ नोव्हेंबर, रविवार

दहाला फोन. जेवलीस का? हो बाबा. दादा नागपूरहून आला होता, वहिनीने तुझ्यासाठी स्वेटर पाठवलाय, नाशकात थंडी फार पडते म्हणे. मी म्हटलं, फार पडते. अकोलेकरांना थंडी म्हणजे काय ते इथे आल्यावर कळतं. द्राक्षबागांत लोक शेकोट्या पेटवून ठेवतात, वेलींना ऊब मिळावी म्हणून.

दुपारी बारकीला मांडीवर घेतलं होतं. नुकती अंघोळ झालेली, अंगाला धुपाचा वास, गालावर काजळाची ही मोठी तीट. तिच्या तोंडाला दूध लागलं होतं, ते रुमालाने पुसताना तीटही पुसली गेली. मालनबाई लगबगीने काजळाची डबी घेऊन आल्या. "आसं कोरं ठेवू नये वो लेकराला. नजर कुठंतरी आडकायला पायजे. तीट आसली का तिथं आडकती, लेकरू सुटतं."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, आम्ही लोक ठिपके काढायला शिकतो आणि ह्या लावायला.

३० नोव्हेंबर, रविवार

बाबांना जेवले म्हणून खोटं सांगून झालं. मग दिवसभर काम.

एक गंमत सापडलीय. कॅमेऱ्याचे सगळे ठिपके काढून झाले तरी एक उरतो. चंद्राच्या अगदी उजळ भागावर, बारीक, काळा. काचेवरचा कचरा असता तर प्रत्येक चित्रात एकाच जागी दिसला असता. चंद्रावरचा खड्डा असता तर यान जवळ जाईल तसा मोठा होत गेला असता. हा दोन्ही करत नाही. चंद्र डावीकडे असो की उजवीकडे, लांब असो की जवळ, हा आपला त्याच्या गालावर, तेवढाच.

ऊन उतरल्यावर मालनबाई शेवंती निवडता निवडता माझ्या दारात आल्या आणि पडद्याकडे बघत राहिल्या. "लय गोरंपान हाय वो. म्हणूनच कुणीतरी तीट लावली." मी म्हटलं, तीच तर आता पुसायचीय, तिच्यामुळे माझा हिशेब बिघडतो. त्यांचा चेहरा एकदम उतरला. "नका पुसू मॅडम. तिथनं नजर उठली तर दुसरीकडं जाऊन बसंल ना."

चित्र मात्र त्यांना फार आवडलं. कॉलेजच्या नव्या शाईच्या प्रिंटरवर एक छापून देईन म्हटलंय. तीट असलेलंच.

७ डिसेंबर, रविवार

मालनबाईंनी चित्र शेडच्या खिडकीशेजारी लावलं, त्याला हळदकुंकू वाहिलं. शनीच्या चंद्राला नाशकात सासर मिळालं. बाबांना सांगितलं तर पोट धरून हसले.

ठिपक्याचा निकाल लावला. सर मार्चपर्यंत परदेशात आहेत, विचारायचं कुणाला? तेवढ्याशा काळ्यापायी उजळपणाचा सगळा आकडा खाली येतो. यंत्राचाच काहीतरी दोष असणार, असं ठरवून काढायला सुरुवात केली. त्याची जागा ठरलेली नसल्यामुळे प्रत्येक चित्रात हाताने खूण करून काढावा लागतो. दिवसाकाठी एक चित्र होतं. भरलेली जागा मीसुद्धा पुन्हा शोधू शकत नाही!

डिस्कवर जागा नाही, म्हणून साफ केलेलं चित्र मूळ चित्राच्याच जागी साठवते. मूळ प्रत जपून ठेवायची, हा या कामातला पहिला धडा. पण सीडी आहे की पुण्याला. ती उद्या कुरियरने परत पाठवतेय, दुसरा कुणीतरी विद्यार्थी तिच्यासाठी खोळंबलाय.

१३ डिसेंबर, शनिवार

आकडा सुरेख वर येतोय.

कुत्रा भुंकायचा थांबला. ओळख पटली म्हणायची. पण शेपूटही हलवत नाही. मी शेजारून गेले तरी ऊन खात पडून राहतो.

कॉलेजात शिपाई हिरामणने सगळ्यांना चहा दिला, मला नाही. मी म्हटलं, काय हो, आमच्यावर राग आहे का? तो केवढ्यांदा दचकला! मॅडम तुम्ही कवा आला, म्हणाला. मी त्याच्यासमोरच बसले होते. लताबाईसुद्धा हसल्या. पण हसण्याआधी क्षणभर त्याही माझ्याकडे बघत राहिल्या, मी कोण ते आठवत असल्यासारख्या.

१९ डिसेंबर, शुक्रवार

आज संताप संताप झाला. वर्गात गेले, एकही पोरगं उभं राहिलं नाही. फळ्यावर लिहायला लागले तरी गप्पा चालूच. मग पहिल्या बाकावरचा एकजण म्हणाला, मॅडम नाही आल्या वाटतं आज. आणि सगळा वर्ग उठून गेला. मी खडू हातात धरून तिथेच उभी.

पोरांनी ठरवून केलेला चावटपणा असणार. तासिकावाल्या बाईला कोण विचारतं! पण जाताना त्यातली एक मुलगी थेट माझ्या अंगावर आली आणि शेवटच्या क्षणी वळून गेली, खांबाला वळून जावं तशी. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

एकटं राहायला आवडतं म्हणाले होते. ते दार आपण आतून लावलेलं असतं तेव्हा.

२१ डिसेंबर, रविवार

दहाला फोन आला. मी हॅलो म्हटलं. बाबांनी विचारलं, कोण बोलतंय?

मी म्हटलं, बाबा, मी. मग, अगं हो हो, स्नेहल, असं घाईने म्हणाले, आणि हसले. वय झालं बघ माझं. जेवलीस का विचारायला विसरले. फोन ठेवल्यावर मीच मोठ्याने म्हटलं, हो बाबा, जेवले.

आज कामाला हात लावला नाही. मग संध्याकाळी लावला. दुसरं करायला आहे काय मला इथे?

२७ डिसेंबर, शनिवार

शेवटचं चित्र झालं. सगळे चंद्र कोरे करकरीत. आकडा मनासारखा आला. सांगावंसं वाटलं, पण सांगायला कुणी नव्हतं.

कॉलेजात हजेरीपटावर सही करायला गेले तर माझं नाव नाही. खोडलेलं नाही, फाडलेलं नाही. माझ्या वरचं नाव आणि माझ्या खालचं नाव एकाखाली एक, मधे ओळच नाही. कारकुनाला विचारलं. त्याने मान वर केली, माझ्या मागच्या दाराकडे पाहिलं, वारा आला म्हणून ते लावून घेतलं.

मालनबाईंनी मात्र आल्या आल्या हाक मारली. मॅडम, पिठलं केलंय, या. मला रडूच आलं. पिठल्यात मिरची जास्त झाली म्हणून त्यांना वाईट वाटलं.

२ जानेवारी १९९८, शुक्रवार

गेल्या महिन्यातल्या स्नेहसंमेलनाचा स्टाफचा फोटो स्टाफरूममध्ये लागलाय. तेव्हा मी लताबाई आणि रसायनशास्त्राच्या सरांच्या मधे उभी होते. लताबाईंचा हात माझ्या खांद्यावर होता. त्यांच्या हाताचं वजन अजून आठवतं.

फोटोत दोघांच्या मधे भिंत आहे. लताबाईंचा हात त्यांच्या पदराशी.

भिंग घेऊन गेले. अर्धा तास उभी होते, कुणी हटकलं नाही. भिंतीचा पिवळट रंग डावीकडून उजवीकडे हळूहळू उजळत जातो. माझ्या जागीही तसाच, हवा तेवढाच. सांधा नाही. वळ नाही.

हे काम मी ओळखते. हे माझं काम आहे.

कुत्रा, हिरामण, वर्ग, हजेरीपट. मी रोज एक चित्र साफ करत होते आणि रोज एकेकाच्या मनातून — तिथली नजर उठली ती कुठे बसली, ते आता कळलं. त्या गोऱ्या गालावर आता अडकायला काही उरलेलं नाही. आता ठिपका मी आहे. आणि शेजारची माणसं माझी जागा भरून काढताहेत. त्यांचा काही दोष नाही. भोक कसं राहू द्यायचं?

३ जानेवारी, शनिवार

ठिपका परत घालायचा प्रयत्न केला. उजळ जागी हाताने शून्य भरलं. काळा ठिपका दिसला. साठवलं. उघडलं. पांढरं.

पुन्हा केलं. मोठा केला. बोटाएवढा. साठवायच्या आधीच, माझ्या डोळ्यांदेखत, कडेकडून उजळत आत —

प्रोग्रॅम बंद होता. मी तो चालू केलाच नव्हता.

मूळ सीडी हवी. पुण्याला फोन लावला. ग्रंथालयातल्या बाई चांगल्या बोलल्या, ऐकू येतं आहे म्हणाल्या, नाव विचारलं. मग म्हणाल्या, या नावाची विद्यार्थिनी आमच्याकडे कधी नव्हती, आणि अशी सीडी कधी बाहेर गेलीच नाही. मी बोलत राहिले. त्या हॅलो हॅलो करायला लागल्या.

४ जानेवारी, रविवार

दहा वाजले. सव्वादहा. अकरा.

मीच लावला. बाबांनी उचलला. बाबा, मी स्नेहल. हॅलो, कोण? बाबा! हॅलो? — काही आवाज येत नाही, असं दादाला सांगितलं. मागे दादा काहीतरी म्हणाला आणि दोघं हसले. मग ठेवला.

छान हसत होते. चुकल्यासारखं काहीच वाटत नव्हतं त्यांना. तेच तर मला सहन होत नाही.

७ जानेवारी, बुधवार

मालनबाई अजून ओळखतात. फक्त मालनबाई. का ते आज समजलं.

शेडच्या खिडकीजवळचं चित्र! तीट असलेलं एकच चित्र राहिलंय, ते त्यांच्या भिंतीवर. धावत जाऊन पाहिलं. आहे. ठिपका आहे. पण खिडकीतून दिवसभर ऊन येतं, प्रिंटरची शाई उडत चाललीय. तपकिरी झालाय.

काढून अंधारात ठेवावं का? हात पुढे केला आणि मागे घेतला. या ठिपक्यांना मी हात लावला की काय होतं ते पाहिलंय. खिडकीला माझी ओढणी बांधली. छायाने थोड्या वेळाने सोडून टाकली, उजेड हवा होता फुलं निवडायला.

मालनबाईंना सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. काजळाची डबी आणली, माझ्या गालावर तीट लावली. त्यांचं बोट खरबरीत आहे, झेंडूचा वास येतो. "पोरी, तू आता कुठं जाऊ नगं," म्हणाल्या. पहिल्यांदाच मॅडम म्हणाल्या नाहीत.

खोलीत येऊन आरसा पाहिला. काळा ठिपका गालावर. मग राखाडी. मग गाल.

११ जानेवारी, रविवार

फोन नाही.

अकोल्याला जायचं ठरवलं. रिक्षा थांबत नाहीत. शहर बसने नाशिक रोडला गेले, कंडक्टरने तिकीट मागितलं नाही. एक बाई माझ्या मांडीवरच बसायला आली, मी उठले. स्टेशनवर गाडी उभी होती. डब्यात पाय ठेवला आणि मनात आलं: बाबांनी दार उघडलं आणि माझ्या मागे रस्त्याकडे पाहून परत लावून घेतलं तर?

उतरले. परत आले. इथे निदान एक हाक मारणारं माणूस आहे.

मालनबाईंनी हाक मारली. पण आधी जरा थांबल्या.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. छाया ताट घेऊन सगळ्यांना तिळगूळ देत होती. मी रांगेत हात पुढे करून उभी. राजू. मालनबाई. शेजारच्या सरुबाई. ताट माझ्या हातावरून पुढे गेलं.

मालनबाई मधेच थांबल्या. आपल्या हातातली वडी बघत राहिल्या. कुणाला तरी द्यायची होती, म्हणाल्या. छाया म्हणाली, खा तुम्हीच. त्यांनी खाल्ली.

बारकी मात्र बघते. पाळण्याशी गेले की डोळे फिरवते, बोट धरते. तिला अजून शेजार कळत नाही. मघाशी तासभर तिच्याशी बोलले. नाव सांगितलं माझं. स्नेहल. स्नेहल. स्नेहल.

चित्रातला ठिपका — बघितला तर आहे. न बघता असेल की नाही, सांगता येत नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

चित्र नाही.

भिंतीवर खिळा. हळदकुंकवाचा डाग. मी शेडभर शोधलं, पाट्या उलथ्या केल्या. मालनबाईंना ओरडून विचारलं, चित्र कुठेय, चित्र —

त्या गजरे मोजत होत्या. मग छाया आली आणि सासूला म्हणाली, आत्या, पुड्यांना कागद संपला. मालनबाई म्हणाल्या, "तिथं एक कोरा कागद लागला व्हता भितीला, सकाळी त्याच्यात शेवंती बांधून दिली ना राजूकडं. उगाच कशापायी लटकत व्हता कोण जाणे."

कोरा.

बाजारात गेले. फुलांच्या ढिगात, पायाखाली, गटारीत. ओले कागद उलगडून उलगडून. पांढरे सगळे. सगळे पांढरे.

१७ जानेवारी, शनिवार

हाक आली नाही.

माझ्या खोलीत पाट्या ठेवल्यात. गोधडीवर, मॉनिटरवर. मोकळी खोली वाटते त्यांना. छाया म्हणत होती, इथं भाडेकरू ठेवला तर —

बारकी झोपलीय. उठवलं नाही. उठून बघितलं नाही तर, म्हणून.

काजळ संपवलं. गाल, कपाळ, हात. राहत नाही.

उद्या रविवार.

१८ जानेवारी, रविवार

पडवीत बसलेय. फोनशेजारी. वही मांडीवर. दहा वाजत आले. येणार नाही. माहीत आहे. तरी —

वाजला.

वाजतोय. मी उचलला, हॅलो, बाबा — माझ्या हातातून, जागेवरून उचलावा तसा मालनबाईंनी घेतला. कोण पायजे?

बाबांचा आवाज. मोठ्याने बोलतात ते, इथपर्यंत ऐकू येतं. माफ करा ताई, मी अकोल्याहून बोलतोय. कुणाला फोन लावलाय ते मलाच कळत नाही. रविवारी दहा वाजले की हा नंबर फिरवला जातो. बोटं आपोआप फिरतात.

मालनबाई म्हणतात, व्हतं आसं भाऊ, वय झालं का. लेकरं किती तुमाला?

एकच. मुलगा. नागपूरला असतो.

बाबा मी इथे आहे मी इथे आहे मी फोनच्या तोंडाशी ओरडतेय, माझा श्वास लागतोय त्यावर —

बाबा ठेवत नाहीत. थांबलेत. म्हणतात, ताई, हसू नका. पण तोंडात सारखं येतं, जेवलीस का. कुणाला विचारायचंय तेच आठवत नाही. घास अडकतो हो. सगळं असून काहीतरी — जरा बघता का? तिकडे माझं काही राहिलंय का?

मालनबाई बघतायत. खरंच बघतायत. पाळणा. खुंटी. दार. आता माझ्याकडे. माझ्या तोंडाकडे. थांबल्या, थांबल्या! मालनबाई, इथे, गालावर, बघा — डोळे बारीक केले, उन्हात बघावं तसे —

डोळे पुढे गेले. खिडकी. झेंडू.

बोलतायत. नाही वो भाऊ, म्हणतायत, समदं बघितलं, इथं तर कुणी